बाळाच्या फोटोला जास्तीचं कुलूप

शाळेत प्रश्नपत्रिकेवर 'खालीलपैकी कोणतेही पाच सोडवा' असं असायचं आणि मी सगळेच सोडवायला घ्यायचे. बाईंनी जास्तीचे उगाच दिले असतील का? सोडले आणि नेमके तेच हवे असले तर? मग वेळ संपायचा, पाचातलेही अर्धेच व्हायचे, आणि शेजारची मुलगी पाच सोडवून, वर समासात फुलं काढून आरामात बाहेर पडायची. आठवीनंतर माझी शाळा सुटली ती काही यामुळे नाही, घरी दुसरी कारणं भरपूर होती. पण 'ऐच्छिक' या शब्दाची जी धास्ती बसली, ती माझ्याबरोबर लग्न करून थेट चंद्रपूरकडून डोंबिवलीला आली.

डोंबिवलीत मला कुणी म्हणजे कुणीच ओळखीचं नव्हतं. नवऱ्याची कंपनीत शिफ्ट. मी दिवसभर घरात बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकायचे, त्यासुद्धा शेजारच्या. एक दिवस बाजारातून येताना टायपिंग क्लासची पाटी दिसली आणि धीर करून आत शिरले. क्लासचे सर म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलणं अगदी पुस्तकातलं. त्यांनी मॅट्रिकचं सर्टिफिकेट मागितलंच नाही. म्हणाले, "बोटं दहा आहेत ना? बसा." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. शिकले, मग तिथेच मदतीला राहिले. आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी टायपिंगला कुणी येईनासं झालं, तेव्हा सरांनी मशिनी काढून कॉम्प्युटर आणले, बाहेर 'सायबर कॅफे' असा बोर्ड लावला आणि मला म्हणाले, "आता तू इंटरनेट बघ."

मला वाटलं नुसतं बघायचंय.

तर त्या काळातली ही गोष्ट. दुपारची वेळ. सर आतल्या खोलीत आडवे झालेले. बाहेर एकच गिऱ्हाईक, रोज शेअरचे भाव बघायला येणारे बँकेतले एक काका. तेवढ्यात एक म्हातारी दारात आली. नऊवारी कोळी पद्धतीने घट्ट कसलेली, केसात अबोलीचा गजरा, आणि आवाज असा की काकांच्या हातातला माऊस उडाला.

"इथं अमेरिका दिसतं का गो?"

"दिसतं," मी म्हटलं. "काय बघायचंय?"

"दवाखाना."

आजी खाडीकाठच्या, रेतीबंदराकडच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेलेली आणि तिला तिकडे मुलगी झालेली. तिथल्या दवाखान्याची अशी पद्धत होती, की नव्या बाळाचा फोटो काढून आपल्या वेबसाइटवर लावायचा. पण तो फक्त घरच्यांना दिसायचा, पासवर्ड घालून. जावयाने पत्ता आणि पासवर्ड फोनवर सांगितला होता. आणि आजींना तो फोटो कागदावर हवा होता, कारण दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

"पण बाळ तर तिकडे आहे," मी म्हटलं.

"बाल तिकडं, पालना इकडं. बाराव्या दिशी पालना हाललाच पायजे. आमचे घरान्यात कुनाचा रिकामा नाय रायला."

"मग पाळण्यात काय ठेवणार?"

"वरवंटा हाय ना."

हे मला ठाऊक होतं. बारशाला आधी पाट्यावरच्या वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखा नटवून, बायका पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. पण आमच्याकडे तो नुसता मानाचा असतो, खरं बाळ मागून येतंच. इथे मागून काहीच येणार नव्हतं. आजी खुर्चीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, सगला गाव येनार. दगडाचं तोंड बगून जातील का गो माजे नातीच्या बारशाला? तेवडा फोटू दे काढून."

मी लगेच कॉम्प्युटरकडे वळले.

मोडेम लावला. त्याने नेहमीप्रमाणे किंचाळून घेतलं. आजी म्हणाल्या, "तिकडं पन रडतंय." पत्ता टाईप केला. आणि पडद्यावर एक छोटी चौकट आली. त्या काळी ती यायचीच. आता तुम्ही सुरक्षित जोडणीवरून पान बघणार आहात, तुमची माहिती इतर कुणाला दिसणार नाही, अशा अर्थाचं इंग्रजी.

"काय बोलतंय?"

मी मराठीत सांगितलं. तेवढ्यावर 'ओके' दाबलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आजींनी माझं मनगट धरलं.

"इतर कुनाला म्हंजे? बगतंय कोन?"

"कुणी नाही हो. नुसतं सांगतात. मधल्या रस्त्यात कुणी बघू नये म्हणून कुलूप लावतात. हे इथे खाली कोपऱ्यात पिवळं कुलूप येतं बघा."

"एवडंसं?" आजींनी डोळे बारीक केले. "हे कुलूप तर पोरींच्या पत्र्याच्या पेटीला असतंय. अमेरिकेपासून डोंबिवलीपत्तर येनार बाल. वाटेत किती डोले! दिष्ट लागंल. दुसरं मोटं नाय का?"

आता खरं म्हणजे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण दुसरं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अगदी खोल आत, सुरक्षेची एक लांबलचक यादी असायची. काही खुणा आधीच केलेल्या, काही रिकाम्या. रिकाम्या म्हणजे ऐच्छिक. मी कामाला लागल्यापासून त्या रिकाम्या चौकोनांकडे बघून मला रोज कसंतरी व्हायचं. कुणीतरी मुद्दाम दिलेत आणि आपण सोडून दिलेत! फक्त सरांनी "हात लावू नकोस" म्हटलेलं, म्हणून गप्प होते.

"आहेत अजून," मी म्हटलं.

"दाव."

दाखवलं. एसएसएल नावाचं जुनं कुलूप, त्याच्या पुढचं एसएसएल, आणि सगळ्यांत नवं म्हणून टीएलएस नावाचं एक. त्याशिवाय समोरच्याचं सर्टिफिकेट रद्द तर झालं नाही ना ते तपासा, याची सूचना द्या, त्याचा इशारा द्या.

"मार टिकल्या."

"कुठल्या?"

"कुठल्या काय इचारतंस? बालाला तीट लावताना गालाला लावू का कपालाला लावू, इचारतंस का? सगल्या मार."

शेअरवाले काका मान वळवून म्हणाले, "मारा हो. असू द्या. सिक्युरिटी जेवढी जास्त तेवढी चांगली."

तीन माणसं एका मताची झाली की मला बळ येतं, त्यातली एक मी असले तरी. एकही चौकोन रिकामा ठेवला नाही. शाळेत जे जमलं नाही ते इथे जमलं. सगळे प्रश्न सोडवले, वेळेत.

आणि पान उघडेना.

आधी खूप वेळ काहीच नाही. मग पांढरं पान आणि वर एक ओळ : पान दाखवता येत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. आजींनी पासवर्ड माझ्या कानात सांगितला, इतक्या हळू की बाहेरच्या वडापाववाल्याने तो मान हलवून पाठ केला असावा. पण पासवर्ड विचारायलाच कुणी येत नव्हतं. दुसऱ्या साइटी उघडत होत्या, दवाखाना तेवढा नाही.

"बंद जाला का दवाखाना?" आजी म्हणाल्या. "आता तिकडं रात असंल."

"वेबसाइट रात्री बंद नसते हो."

"मंग मानूस झोपलंय."

"तिथे माणूस नसतो."

"मंग बालाला बगतंय कोन?" आजी उभ्याच राहिल्या.

एक तर आजींचा फोटो. त्यात मोडेम बिघडला असेल तर सर म्हणणार, ही आठवी शिकलेली ठेवली म्हणून. सर असं कधीच म्हणाले नव्हते. पण न म्हटलेल्या गोष्टींचाच माझ्याकडे जास्त साठा असतो. शेवटी आतल्या दाराची कडी वाजवली. सर चष्मा पुसत बाहेर आले, पडदा बघितला, सेटिंग उघडलं आणि ती टिकल्यांची आरास अगदी खालपर्यंत सरकवून बघितली.

"हा काय दीपोत्सव?"

"दिष्ट लागू नये म्हणून, मास्तर," आजींनी माझ्या आधी उत्तर दिलं.

सरांनी खुर्ची ओढली. टायपिंग शिकवतानाही ते आधी खुर्ची ओढायचे, मग बोलायचे. म्हणाले, "हे बघ. आपला कॉम्प्युटर पहिल्यांदा तिकडच्याला नमस्कार करतो. त्या नमस्कारातच सांगून टाकतो, की मला अमुक अमुक कुलपं चालवता येतात. तिकडचा त्यातलं जमणारं एक उचलतो आणि पुढचं बोलणं सुरू होतं. आता तू ही जी सगळ्यांत नवी टिकली मारलीस ना, ती म्हणजे नमस्कारात जोडलेलं जास्तीचं वाक्य. येत असेल तर घ्या, नसेल तर राहू द्या. शहाणा असेल तो न समजलेलं सोडून देतो आणि पुढे जातो. पण काही काही असे असतात, अनोळखी शब्द कानावर पडला की फोनच ठेवून देतात."

"आमचे व्याही!" आजी एकदम ओरडल्या.

सर दचकले. "काय?"

"इठ्ठलवाडीचे आमचे व्याही. आसंच मानूस. पोरीचे लग्नाची बोलनी चाललेली. सगलं ठरत आलेलं, साखर आनायला मानूस गेलेला. मी आपलं सहज इचारलं, की बँडवाला जमलं तर दोन इंग्लिश गानी वाजवंल का? जावाय अमेरिकेला जानार ना, म्हनून. तर हे उठलं, टोपी घातली न् चालायला लागलं! इंग्लिश गानं त्यांना ठाव नाय, म्हंजे बोलनीच मोडली. अरे, मना कुटं पायजेच होती? वाजवली तर वाजवली!"

"अगदी बरोबर," सर म्हणाले. त्यांना एवढा चांगला विद्यार्थी बऱ्याच वर्षांनी भेटला होता. "मग लग्न कसं जमलं?"

"दुसरे दिशी परत गेली. परत पयल्यापासून राम राम केला. इंग्लिशचं नावच नाय काढलं. जालं लगीन."

"मग आपणही तेच करायचं. ही टिकली काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून नमस्कार."

आजींचा चेहरा बदलला. "टिकली नाय काढायची."

पुढे बऱ्याच वर्षांनी, कॅफे माझ्याच हाती आल्यावर, मी यावर थोडंफार वाचलं. नमस्काराच्या शेपटाला जोडायच्या अशा जास्तीच्या गोष्टींना नंतर रीतसर जागाच करून दिली म्हणे. कुठल्या साइटशी बोलायचंय ते आधीच सांगणं, आणखी असंच काहीबाही. आणि ज्याला समजणार नाही त्याने रुसून न जाता मुकाट्याने पुढे जायचं, हेही नियमात लिहून ठेवलं. वाचताना मला विठ्ठलवाडीचे व्याहीच दिसत होते. त्यांच्यासाठी जगभरच्या मोठमोठ्या माणसांना बसून नियम करावा लागला!

पण तेव्हा असं काही नव्हतं आणि आजी हटेनात. सर समजावत होते, "अहो ताई, कुलूप जातच नाहीये. जुनं एसएसएल आहे ना, चांगलं भक्कम आहे. बँका त्यावर चालतात."

"बँकेला कुटं दिष्ट लागतंय? कुनी म्हनतं का, बाय बाय, काय गोड बँक हाय!"

शेअरवाल्या काकांना हे पटलं. मी मधल्यामध्ये उभी. टिकली ठेवावी तर फोटो नाही आणि पाळण्यात दगड. काढावी तर बाळ उघड्यावर. आजी उगाच हट्टाला पेटल्यात असं कुणाला वाटेल, पण माझ्या डोळ्यांसमोर ते बाळ खरंच समुद्रावरून एकटं येत होतं आणि दोन्हीकडची माणसं गॅलरीतून त्याच्याकडे बघत होती.

शेवटी मीच म्हटलं, "आजी, ती टिकली काढू आणि तिच्या जागी तुम्ही स्वतः दृष्ट काढा ना. नमस्कारात सांगायला नको. तिकडच्याला कळणारही नाही."

आजींनी माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं. "अक्कल हाय तुना."

मीठ-मोहरी, मिरच्या हव्या होत्या. सरांनी घाईघाईने सांगितलं, की कॅफेत काहीही जाळायचं नाही. एसी नव्हता, पण एसी बसवायचा त्यांचा विचार होता. मी शेजारच्या वडापाववाल्याकडे गेले. मीठ मिळालं. मोहरी फोडणीत गेलेली. लाल मिरची नव्हती. त्याने विचारलं, "ताई, तळलेली चालेल?"

मी तळलेल्या हिरव्या मिरच्या कागदात बांधून आणल्या. आजींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "चालंल. अमेरिकेला काय कलतंय."

मग सर खुर्चीवर, हात माऊसवर. मी मागे. आजींनी मुठी बांधल्या आणि मॉनिटरवरून उतरवायला सुरुवात केली. आल्याची, गेल्याची, वाटेवरच्याची, केबलवरच्याची, पाण्यातल्याची, बोटीवरच्याची. तेलाचे दोन थेंब कीबोर्डवर पडले. सरांनी डोळे मिटून घेतले. टायपिंग क्लास त्यांनी इतकी वर्षं चालवला, पण मशिनीजवळ पाण्याचा पेलाही ठेवू दिला नव्हता.

"काढ टिकली!" आजी म्हणाल्या.

सरांनी टिकली काढली. ब्राउझर बंद, पुन्हा सुरू, पुन्हा पत्ता. ती सुरक्षित जोडणीची चौकट आली. कुणी कुणाचं मनगट धरायच्या आत मी वाकून 'ओके' दाबलं. मोडेमचे दिवे लुकलुकले. आणि पासवर्डची जागा आली. काकांनी तो न विचारता सांगितला.

खाली कोपऱ्यात पिवळं कुलूप होतं. मी आजींना बोट लावून दाखवलं. फोटो वरून खाली, एकेक पट्टी करून उतरू लागला. आधी गुलाबी पट्ट्यांची टोपी. मग कपाळ. मग बराच वेळ नुसतं कपाळ.

"जावयावर गेली," आजी म्हणाल्या.

मग डोळे मिटलेले, नाक, आणि तोंड असं उघडलेलं, की आवाज नसतानाही काकांनी कानांवर हात ठेवले.

"नाय नाय. आमचीच हाय."

आता प्रिंट. आमच्याकडे रंगीत प्रिंटर नव्हता. टायपिंगच्या काळातला ठिपक्यांचा प्रिंटर होता, करवत चालवल्यासारखा ओरडणारा. तो ओळीओळीने बाळ काढू लागला आणि आजी प्रत्येक ओळीला स्वागत करू लागल्या. "टोपी आली! भिवया आल्या!" हनुवटीला कागद जरा अडकला तेव्हा सर पुढे झाले आणि त्यांनी तो इतक्या हळू सोडवला, की मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कागद हातात आला. आजींनी कंबरेच्या बटव्यातून काजळाची डबी काढली, बोट बुडवलं, आणि थांबल्या. बाळाच्या गालावर, कपाळावर, नाकावर, सगळीकडे काळे ठिपकेच ठिपके. तीट लावायला रिकामी जागाच नव्हती.

"बग," त्या सरांना म्हणाल्या, "तुमचे मशिनीला कलतंय. तुमालाच कलत नव्हतं."

निघताना दारात त्यांनी मला विचारलं, "तुजा नवरा उद्या जेवायला यील ना? तू तर येनारच. तू आत्या."

"मी?"

"जावाय एकटा. बहीन नाय त्याला. दोन दिस सगल्या बायांत भांडान चाललंय, आत्या कोन म्हनून. फोटू कुनी आनला? तू. मंग?"

मला 'नको' म्हणता आलं असतं. आत्याचं सगळं करणं मला येतं का, चुकलं तर, नाव विसरलं तर, अशी यादी डोक्यात तयारही झाली होती. पण या गावात येऊन मला इतकी वर्षं झाली होती आणि कुणी मला कशाचीच आत्या केलं नव्हतं.

बारशाला खरंच सगळा गाव होता, आणि आमचे सरसुद्धा. पाळण्याला अबोलीच्या माळा. वरवंट्याला कुंची घालून, काजळ लावून, खालून-वरून फिरवून झालं. मग फोटो पाळण्यात ठेवला. बायका एकेक करून वाकून बघत होत्या. एक म्हणाली, "गोवर आलाय का गो?" आजींनी तिला पुन्हा वाकू दिलं नाही. कुणाला तो बाळाचा चेहरा वाटला, कुणाला नाही. पण बघून झाल्यावर प्रत्येकीचा हात आपोआप पाळण्याच्या दोरीला जात होता.

मग मला पुढे केलं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं. मी वाकले. आणि तसंच वाकलेलं राहिले.

"काय जालं?" आजी.

"आजी, कान नाहीयेत. टोपी आहे."

मागे कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं टोपीवरूनच सांग, कुणी म्हणालं कागदाच्या मागून सांग, मागून कान असतील. आजींनी फोटोकडे बघितलं, वरवंट्याकडे बघितलं, आणि निकाल दिला. "दगडाला सांग. फोटू बाजूलाच हाय, ऐकंल."

मी वरवंट्याच्या कुंचीत तोंड घातलं. दगड गार होता आणि त्याला वाटलेल्या मसाल्याचा वास येत होता. कुर्र केलं. नाव सांगितलं, विसरले नाही. आणि त्याच क्षणी रिवाजाप्रमाणे मागून सगळ्या बायकांचे धपाटे माझ्या पाठीत पडायला लागले. आत्याला असे धपाटे घालतात ते नावाला, हलक्या हाताने. या बायका रोज मासळीच्या, बर्फाच्या पेट्या उचलणाऱ्या. सर कोपऱ्यात उभे राहून "पुरे हो, पुरे," म्हणत होते आणि माझा नवरा हसत होता. मी वरवंट्याला मिठी मारून तशीच वाकलेली होते. ही माझी नात्यातली माणसं, असं मनात म्हणत होते आणि अजून थोडे खात होते.